चार वाजताची गर्दी कोणी जमवली?

ठाणे, ४ जुलै २०२१

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

या आठवड्यात आपल्या दैनिकात गोखले रस्त्याचा फोटो आला. खाली ओळ होती, 'निर्बंध धाब्यावर, ठाणेकर बेफिकीर'. फोटो खरा आहे आणि गर्दीही खरी आहे. तो किती वाजता काढला तेवढे छापायचे राहून गेले. ते मी सांगते. साडेतीन आणि चारच्या मध्ये. डाव्या कोपऱ्यात चपलांच्या दुकानातला मुलगा बाहेर टांगलेले जोड काढून आत नेताना दिसतो आहे. हे काम तो चारला दहा-पंधरा मिनिटे असताना करतो, कारण कोरोनाच्या निर्बंधांमुळे दुकाने चारला बंद करायची असतात आणि चारच्या ठोक्याला तपासणीची गाडी फिरते. त्याच जागी सकाळी अकराला उभे राहिले असते, तर तुमच्या छायाचित्रकाराला भाजीची पिशवी घेतलेले एखादे आजोबा आणि गिऱ्हाईक नसलेल्या दोन-तीन रिक्षा मिळाल्या असत्या. तो फोटो कोणी छापला नसता हे मलाही कळते.

नौपाड्यात मुख्य रस्ता सोडून आत वळले की एका गल्लीत माझे फॉल-पिको आणि ब्लाऊज शिलाईचे दुकान आहे. दुकान म्हणायचे म्हणून. एका बाजूला दोन शिलाई मशीन, पिकोचे एक, इंटरलॉकचे एक, भिंतीवर अस्तरांचे आणि फॉलचे रंग, आणि उरलेल्या जागेत मापे घ्यायला एका बाईला उभे राहता येते. माझ्या बायका कोण? बँकेतल्या, शाळेतल्या, वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला जाणाऱ्या, चार घरी पोळ्या लाटणाऱ्या. यातली एकही दुपारी दोनला मोकळी नसते. ब्लाऊज घालून बघायला, 'काखेत थोडे सैल करा' म्हणायला, त्या यायच्या ते संध्याकाळी सहानंतर, एकेक करून, साडेआठपर्यंत. दिवसभर आम्ही मशीनवर बसायचो आणि संध्याकाळी धंदा व्हायचा. गेल्या सोमवारपासून, म्हणजे २८ जूनपासून, ठाणे निर्बंधांच्या पाच स्तरांपैकी (पहिला सर्वांत सैल, पाचवा सर्वांत कडक) तिसऱ्या स्तरात गेले. अत्यावश्यक नसलेली दुकाने सोमवार ते शुक्रवार चारपर्यंत, शनिवार-रविवार बंद, आणि पाचनंतर संचारबंदी. माझी संध्याकाळ गेली. बायका गेल्या नाहीत. सहा ते साडेआठमध्ये विखरून येणाऱ्या त्याच बायका आता कचेरीतून अर्धा तास लवकर सुटून, नाहीतर जेवणाची सुट्टी मोडून, साडेतीनला एकदम येतात. पायरीवर चार, आत दोन, आणि रस्त्यावर एक स्कूटरवरून ओरडते, 'झालंय का हो माझं?' असेच शेजारच्या भांड्यांच्या दुकानात, असेच समोरच्या स्टेशनरीत. ही सगळी माणसे एकाच अर्ध्या तासात एकाच रस्त्यावर आणून उभी केली की तुमचा फोटो तयार होतो.

आधीच स्पष्ट करते, मी 'कोरोना बिरोना काही नाही' म्हणणाऱ्यांतली नाही. एप्रिलमध्ये माझे दीर बाळकुमच्या ग्लोबल हबमधल्या कोविड रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. चांगली काळजी घेतली गेली, चालत घरी आले. आमच्या इमारतीतले दोघे आले नाहीत. माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या एका शिक्षिकेचे दोन ब्लाऊज शिवून तयार होते, ते तिच्या मुलीने जूनमध्ये नेले, आणि शिलाई किती हेही मला तिला सांगवेना. ५ एप्रिलला सरकारने निर्बंध आणले तेव्हा राज्यात दिवसाला पन्नास हजारांवर रुग्ण सापडत होते, पुढे दोन आठवड्यांत तो आकडा अडुसष्ट हजारांच्या वर गेला. त्या दिवसांत दुकान बंद ठेवायला मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याही वेळी आमच्या बाजारात चिडचिड झाली, पण ती कशाने झाली ते आठवा. रविवारी सगळ्यांनी ऐकले की शनिवार-रविवार पूर्ण बंद, म्हणून सोमवारी आम्ही रीतसर दुकाने उघडली. सोमवारी संध्याकाळी कळले की रोजच बंद. तोंडावर पाडवा होता. त्याच्या आदल्या वर्षीचा पाडवा देशभरच्या लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी आला होता, तोही असाच गेलेला. दोन पाडवे गेल्यावर माणूस चिडला तर त्याला बेफिकीर म्हणू नये.

मुद्दा मला वेगळाच मांडायचा आहे, तो जूनचा.

३ जूनला दुपारी मंत्री विजय वडेट्टीवार यांनी टीव्हीवर सांगितले की राज्य पाच टप्प्यांत उघडणार. आमच्या गल्लीत पेढे वाटायचे बाकी होते. संध्याकाळपर्यंत मुख्यमंत्री कार्यालयाकडून खुलासा आला की प्रस्ताव अजून विचाराधीन आहे. दुसऱ्या दिवशी रात्री आदेश निघाला, पाच स्तरांचाच. हा गोंधळ मी सोडून देते, कारण आदेश हातात आल्यावर मी तो नीट वाचला आणि गेल्या सव्वा वर्षात पहिल्यांदा मला वाटले की कोणीतरी माझ्याशी हिशेबाने बोलते आहे. शहरात होणाऱ्या चाचण्यांपैकी शेकडा किती बाधित निघतात आणि ऑक्सिजनच्या किती टक्के खाटा भरल्या आहेत, या दोन आकड्यांवर स्तर ठरणार. बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि खाटा पाव भागापेक्षा कमी भरलेल्या, तर पहिला. वीस टक्क्यांच्या वर बाधित किंवा पाऊण खाटा भरलेल्या, तर पाचवा. दर गुरुवारी आकडा जाहीर होणार आणि त्यानुसार पुढच्या सोमवारपासून स्तर बदलणार. ठाणे शहर दुसऱ्या स्तरात आले, नवी मुंबईही. दुकाने नेहमीच्या वेळेत उघडली.

त्यानंतर आमच्या गल्लीत जे घडले ते एकाही वर्तमानपत्रात आले नाही. लोक गुरुवारची वाट पाहू लागले. स्टेशनरीवाले काका, जे एरवी फक्त क्रिकेटचा स्कोअर विचारतात, ते पायरीवर उभे राहून विचारायचे, 'ताई, आपला रेट किती आला?' भांड्यांच्या दुकानातल्या पोऱ्याचा मास्क हनुवटीवर दिसला की त्याचा मालकच त्याला दटावायचा, 'वर घे, तुझ्यामुळे तिसऱ्यात जाऊ.' आपल्या वागण्याचा आणि दुकानाच्या वेळेचा काहीतरी संबंध आहे, हे लोकांना पहिल्यांदा दिसले. त्याआधी काय दिसत होते? २ जुलै २०२० ला ठाण्यात दहा दिवसांचा लॉकडाऊन लागला, तो वाढला, मग काही भागांपुरता महिनाअखेरपर्यंत चालला. यंदा मार्चमध्ये शहरातल्या १६ हॉटस्पॉटमध्ये लागला, आणि आपण त्या सोळांत बसतो की नाही हे विचारायला लोक एकमेकांना फोन करत होते. बंद का झाले आणि किती कमी झाले म्हणजे उघडेल, हे त्यातल्या एकाही वेळी कोणी सांगितले नव्हते.

तीन गुरुवार असे गेले. मग २५ जूनला नवा आदेश. आठवड्याचा आकडा काहीही असो, कोणतेही शहर तिसऱ्या स्तराच्या खाली, म्हणजे पहिल्या-दुसऱ्यात, येणार नाही. कारण डेल्टा प्लस, हा कोरोना विषाणूचा नवा प्रकार. साडेसात हजार नमुने तपासले त्यात राज्यात २१ सापडले, रत्नागिरी ९, जळगाव ७, मुंबई २, आणि ठाणे, पालघर, सिंधुदुर्गात एकेक. नवा प्रकार आहे, काळजी घ्यावी, हे मला पटते. आदेशात आणखी एक गोष्ट होती, तीही मला पटली. बाधितांचे प्रमाण यापुढे फक्त प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआर चाचण्यांवरून काढायचे, जागेवर झटपट होणाऱ्या अँटिजेन चाचण्या धरायच्या नाहीत. यावर बाजारात पुष्कळ आरडाओरडा झाला की आकडा फुगवायला हे केले. मी धंदेवाली आहे, टक्केवारी मला कळते. लक्षणे आहेत म्हणून आलेल्या शंभर जणांची आरटीपीसीआर केली आणि आठ बाधित निघाले, तर आठ टक्के. त्यात बाजारात उभे करून घेतलेल्या तीनशे धडधाकट माणसांच्या अँटिजेन मिळवल्या, त्यात चार निघाले, की चारशेत बारा म्हणजे तीन टक्के. शहरातला आजार तोच, आकडा मात्र निम्म्याहून खाली. तेव्हा ही दुरुस्ती योग्यच होती आणि ती आधीच करायला हवी होती. नवा हिशेब लावून ठाणे तिसऱ्या स्तरात बसत असते तर मी गुपचूप चारला शटर ओढले असते आणि काकांनाही समजावले असते. पण हिशेब दुरुस्त करायचा आणि त्याच कागदावर लिहायचे की हिशेब कितीही आला तरी उत्तर तिसरा स्तर हेच, हे कसे समजावायचे? पाचवीतल्या मुलालाही गणिताचे उत्तर आधी छापून दिले तर तो पायऱ्या करत नाही.

गेल्या गुरुवारी स्टेशनरीवाल्या काकांनी रेट विचारला नाही. पुन्हा स्कोअरवर आले. पोऱ्याचा मास्कही हनुवटीवर आला आहे आणि मालक काही बोलत नाही. तुमच्या फोटोखालची 'बेफिकीर' ही ओळ या अर्थाने खरी म्हणता येईल. पण ती २८ जूननंतरची आहे आणि ती कशातून आली हेही त्याच ओळीत यायला हवे होते.

आता चारनंतर काय होते तेही लिहिते, कारण ते फोटोत येत नाही. चारला शटर खाली येते. बाहेर एक मुलगा उभा राहतो, मोबाइल बघत असल्यासारखा. ओळखीचे गिऱ्हाईक आले की तो शटरवर दोनदा टकटक करतो, शटर गुडघ्याएवढे वर जाते, गिऱ्हाईक वाकून आत, शटर पुन्हा खाली. आत ट्यूबलाइट, पंखा आणि चार-पाच माणसे. खिडकी असलेला गाळा या भागात मला तरी माहीत नाही. हा रोग बंद खोलीत हवेतून पसरतो, दारे-खिडक्या उघड्या ठेवा, असे आम्हाला टीव्हीवर डॉक्टर रोज सांगतात. उघड्या शटरच्या दुकानात संध्याकाळी सात वाजता एका वेळी एक बाई धोकादायक, म्हणून नियम केला, आणि त्या नियमाने पाच जणांना बंद शटरमागे नेऊन बसवले. मी स्वतः असे करते का, ते विचारू नका. छापलेत तर उद्या पथक दारात येईल. पथकांबद्दल एवढेच म्हणते की दंडाची पावती फाडायला येतात, पण एकदा तरी शटर वर करून 'आत हवा कुठून येते हो?' असे कोणी विचारलेले मी पाहिले नाही.

माझ्या मशीनवरची मुलगी दिव्याहून येते. दिवा ठाणे महापालिकेतच आहे, म्हणजे स्तरही एकच. दिवा ते ठाणे लोकलने पाव तासाचा रस्ता. पण लोकल आमच्यासाठी नाही, ती अत्यावश्यक सेवेतल्यांना. म्हणून ती शेअर रिक्षाने शीळफाटा, तिथून मिळेल त्या गाडीने मुंब्रा, कळवा करत पोचते. पावसात खड्डे भरले की किती वाजतात ते सांगायला नको. पोचेपर्यंत अकरा, साडेअकरा. पाचला संचारबंदी, म्हणून चारला निघायची घाई. मधल्या साडेचार तासांत ती किती फॉल लावणार? तिचा पगार मी जूनचा पूर्ण दिला, जुलैचे माहीत नाही. आणि शेअर रिक्षात मागे तिघे, पुढे ड्रायव्हरला चिकटून एक, असे बसून ती येते, हे लोकलपेक्षा सुरक्षित कसे, हे मला कोणीतरी सांगावे. नियम करणारे दिव्याला कधी रस्त्याने गेले असतील असे वाटत नाही.

२४ जूनला बेलापूरला सिडको भवनासमोर नवी मुंबई विमानतळाच्या नावासाठी हजारोंचा मोर्चा झाला. भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे ही मागणी योग्य की अयोग्य, तो माझ्या पत्राचा विषय नाही. भूमिपुत्रांना त्यांचे म्हणणे मांडायचा हक्क आहे. पण तो मोर्चा टीव्हीवर आमच्या सगळ्या गल्लीने पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी दुकाने चारला बंद करायचा आदेश आला. लोक हे एकमेकांशेजारी ठेवून बघतात, त्याला इलाज नाही. मग दुकानात मापे घेताना मला ऐकावे लागते, 'ताई, कोरोना काय फक्त ब्लाऊजलाच होतो का?' हसतात बायका, मीही हसते. पण पुढच्या वेळी खरोखरच लाट येईल, आणि ती येणार असे तज्ज्ञ म्हणतातच, तेव्हा याच बायकांना घरी बसा म्हणून सांगायचे आहे, हे हसताना डोक्यात असते.

एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी परवानाधारक रिक्षाचालकांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, बांधकाम मजुरांना दीड दीड हजार जाहीर केले. चांगले केले. भाड्याच्या गाळ्यात मशीन टाकून बसलेली बाई कुठल्याच यादीत नाही. यादीत घाला असे मी म्हणत नाही, दीड हजारात माझे लाइट बिलही भागत नाही. मला माझी संध्याकाळ हवी आहे. आषाढ लागला की लग्ने थांबतात, तेव्हा हा आठवडा हातचा जाणारच. पण ऑगस्टमध्ये श्रावण आहे, मंगळागौरी आहेत, सप्टेंबरात गणपती. त्याचे ब्लाऊज आत्तापासून टाकायला येतात. ती कामे मी घ्यावीत की नाही? तारीख द्यावी की नाही? सरकारने 'पुढील आदेशापर्यंत' लिहिले आहे. मीही पावतीवर 'पुढील आदेशापर्यंत' लिहून द्यावे म्हणते, बघू कोणती बाई कापड ठेवून जाते.

वेळच कमी करायची असेल तर सकाळची करा. दुपारी बारा ते रात्री आठ द्या, मी आनंदाने सकाळ बंद ठेवीन. किराणा आणि दूध सकाळी, आम्ही नंतर, म्हणजे रस्त्यावरची माणसेही वाटली जातील. शनिवार-रविवार दोन्ही दिवस बंद ठेवून शुक्रवारी दुपारी जांभळी नाक्याला काय होते ते एकदा कोणीतरी जाऊन पाहावे. त्याऐवजी ओळीने दुकाने वेगवेगळ्या वारी बंद ठेवा, आमच्या बाजूचे मंगळवारी, समोरचे बुधवारी. एका वेळी दुकानात किती माणसे, हे जागेच्या मापाने ठरवा आणि तो आकडा दारावर लावायला लावा. मोडला तर जरूर दंड करा, मी भरेन. शटर उघडे ठेवून धंदा करायला लावा, बंद करून नको. आणि सगळ्यांत आधी, गुरुवारचा आकडा आम्हाला परत द्या. नव्या रीतीनेच काढलेला, फक्त आरटीपीसीआरचा, तोही ठाणे शहराचा वेगळा. डेल्टा प्लसमुळे कडक राहायचे असेल तर दुसऱ्या स्तराची रेघ पाच टक्क्यांऐवजी तीनवर आणा, दोनवर आणा, पण रेघ कुठे आहे ते सांगा. तिथे पोचायला किती राहिले हे दिसत असेल तर मास्क वर घ्यायला सांगायला पोलीस लागत नाही, हे मी जूनमध्ये माझ्या गल्लीत पाहिले आहे.

उद्यापासून विधिमंडळाचे दोन दिवसांचे पावसाळी अधिवेशन आहे. ठाण्यातले आमदार या विषयावर तोंड उघडतील अशी आशा ठेवते. दोन दिवसांत किती विषयांना वेळ मिळेल कोण जाणे.

आपल्याला एक विनंती आहे आणि तिला सरकारी आदेशाची गरज नाही. राज्यात आज किती रुग्ण, हा आकडा आपण रोज मोठ्या टायपात छापता. त्यातून ठाण्याच्या माणसाला काही कळत नाही. त्याऐवजी दर शुक्रवारच्या अंकात, पहिल्या पानावर एक चौकट द्या. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मिरा-भाईंदर. प्रत्येकासमोर त्या आठवड्याचे बाधितांचे प्रमाण, मागच्या आठवड्याचे, आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या. हाताच्या पंज्याएवढी चौकट पुरेल. मी ती कापून दुकानाच्या काचेवर चिकटवीन, आणि स्टेशनरीवाल्या काकांसाठी एक जादा अंक घेईन.

आपली,
एक फॉल-पिकोवाली
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

(नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. तो छापू नये, कारण वर लिहिलेच आहे.)